फोनमधला व्हायरस: ओळखावा कसा, आणि सापडल्यावर आधी काय करावे

स्मार्टफोनमध्ये व्हायरस शिरल्याची शंका आली की बहुतेक जण घाईघाईने एखादे अँटिव्हायरस ॲप उतरवून घेतात, त्याने हिरवी खूण दाखवली की निर्धास्त होतात आणि तिथेच थांबतात. ही सवय संगणकाच्या काळातली आहे. फोनची रचना वेगळी असते. त्यात प्रत्येक ॲप आपापल्या कुंपणात चालते, दुसऱ्या ॲपची माहिती त्याला सहसा वाचता येत नाही, आणि कुंपणाबाहेर हात घालायचा तर मालकाकडे परवानगी मागावी लागते. त्यामुळे फोनवर उच्छाद मांडणारा प्रकार म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी फसवून बसवायला लावलेले आणि मालकानेच परवानग्या देऊन बळकट केलेले एक ॲप असते. शोध घ्यायचा तो त्या ॲपचा आणि त्याच्या परवानग्यांचा. आवर घालायचा तोही परवानग्या काढून घेऊनच.

हे अगदी पहिल्यापासून असेच आहे. २००४ मध्ये सिम्बियन या तेव्हाच्या प्रणालीवर चालणाऱ्या फोनवर आढळलेला ‘कॅबिर’ हा मोबाइलवरचा पहिला वर्म, म्हणजे एका उपकरणातून दुसऱ्यात स्वतःच पसरू पाहणारा घातक प्रोग्रॅम, मानला जातो. तो ब्लूटूथवरून जवळच्या फोनकडे स्वतःची फाइल पाठवत असे; पण समोरच्याने ती स्वीकारून बसवण्यास होकार दिल्याशिवाय त्याला आत शिरता येत नसे. २००९ मध्ये आयफोनवर पसरलेल्या ‘आयकी’ वर्मला तर फक्त जेलब्रेक केलेले, म्हणजे ॲपलची बंधने मुद्दाम तोडलेले, फोनच सापडले, तेही ज्यांच्या मालकांनी मूळचा पासवर्ड बदलला नव्हता असे. मालकाच्या होकाराशिवाय शिरणारे हल्लेही होतात. २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या ‘पेगासस’ या हेरगिरीच्या साधनाला पुढे काही वेळा नुसता एक संदेश पोचणेही पुरेसे ठरले. मात्र असे हल्ले अतिशय महागडे असतात आणि पत्रकार, कार्यकर्ते, राजकीय विरोधक अशा निवडक लोकांवर केले जातात. त्यांच्याविषयी पुढे थोडे लिहिले आहे. सर्वसामान्य फोनधारकाला ज्याची खरी धास्ती बाळगायला हवी तो प्रकार निराळा आहे.

२०२१ मध्ये अनेक देशांत धुमाकूळ घालणारा ‘फ्लूबॉट’ हा त्याचा उत्तम नमुना आहे. फोनवर एक एसएमएस येई: आपले पार्सल आले आहे, ते कुठवर पोचले हे पाहण्यासाठी खालील दुवा उघडा. दुव्यावर नामांकित कुरिअर कंपनीचे चिन्ह लावलेले पान उघडे आणि पार्सलचा माग काढण्यासाठी त्यांचे ॲप बसवायला सांगे. हे ॲप प्ले स्टोअरवर नसल्यामुळे ‘अज्ञात स्रोतांकडून बसवण्यास परवानगी’ कशी द्यायची हेही त्याच पानावर समजावलेले असे. ॲप बसले की ते ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागे, आणि ती मिळाली की खेळ संपला. पडद्यावर काय चालले आहे ते वाचणे, मालकाच्या वतीने बटणे दाबणे, बँकेचे ॲप उघडताच त्यावर हुबेहूब तसाच खोटा पडदा पसरून पासवर्ड टिपणे आणि संपर्क यादीतील क्रमांक उचलून नवनव्या लोकांना तोच पार्सलचा संदेश धाडणे, हे सारे त्या एका परवानगीच्या आधारे सुरू होई. २०२२ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून फ्लूबॉटची यंत्रणा बंद पाडली, पण ती पद्धत मात्र अजून जोरात चालू आहे. पार्सलच्या जागी कधी दंडाची पावती येते, कधी लग्नपत्रिका, कधी थकलेले वीजबिल.

लक्षणे: कोणती पोकळ, कोणती ठोस

फोन गरम होणे, बॅटरी लवकर उतरणे आणि फोन संथ होणे ही तीन लक्षणे व्हायरसच्या प्रत्येक यादीत पहिल्या तीन जागा अडवून बसलेली असतात, आणि माझ्या मते त्यांच्याइतकी दिशाभूल दुसरी कोणतीच करत नाहीत. दोन-तीन वर्षे वापरलेली बॅटरी आपोआप क्षीण होते. सिस्टम अपडेट झाल्यावर एखाद-दोन दिवस फोन मागच्या बाजूला फोटो आणि फायलींची मांडणी करत राहतो आणि तापतो. साठवणूक काठोकाठ भरली की कोणताही फोन रखडतो. उलट, नीट लिहिलेले हेरगिरीचे ॲप बॅटरी जपून वापरते, कारण पकडले न जाणे हेच त्याचे काम असते. एवढे मात्र जरूर पाहावे की सेटिंग्जमधील बॅटरी आणि डेटा वापराच्या यादीत वरच्या क्रमांकावर कोण आहे. विजेरीचे किंवा वॉलपेपरचे ॲप मागच्या बाजूला भरमसाट डेटा पाठवत असेल, तर ते संशयास्पद समजावे.

ठोस लक्षणे वेगळी असतात. बसवलेले ॲप दाबले तरी उघडत नाही, आणि ते काढून टाकू गेल्यास चूक दाखवणारा संदेश येतो, या दोन खुणा फ्लूबॉटच्या वेळी युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेने मुद्दाम सांगितल्या होत्या आणि त्या आजही तितक्याच खऱ्या आहेत. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडताच पडदा आपोआप मिटणे, बोट न लावता पडदा सरकणे, प्ले प्रोटेक्ट ही प्ले स्टोअरची ॲप्स तपासणारी सोय नकळत बंद झालेली आढळणे, आपण न पाठवलेल्या संदेशांना ओळखीच्यांकडून उत्तरे येणे, संदेशांसाठी ठरवलेले मुख्य ॲप बदललेले दिसणे, आपण न मागितलेले ओटीपी येणे किंवा मोबाइल बिलात न घेतलेल्या सेवांचे पैसे लागणे, यांपैकी एक जरी दिसले तरी फोन बाधित असल्याचे गृहीत धरूनच पुढे जावे. शेवटच्या लक्षणामागे ‘जोकर’ नावाचे कुटुंब असू शकते. ही ॲप्स मालकाच्या नकळत सशुल्क सेवांची वर्गणी भरतात. या कुटुंबातील सुमारे १७०० ॲप्स प्ले स्टोअरवरून हटवल्याचे गुगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले होते. अधिकृत स्टोअर सुरक्षित आहे ते इतरांच्या तुलनेत, एवढाच याचा अर्थ.

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात उजळणारा ठिपकाही उपयोगी पडतो. अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा किंवा मायक्रोफोन चालू असताना हिरवी खूण दिसते. आयफोनवर आयओएस १४ पासून मायक्रोफोनसाठी नारिंगी आणि कॅमेऱ्यासाठी हिरवा ठिपका दिसतो. कॉल चालू नसताना, कॅमेरा उघडलेला नसताना ही खूण दिसली, तर वरून पडदा खाली ओढून ती कोणत्या ॲपमुळे आहे ते लगेच पाहावे.

कोणतेही ॲप उघडलेले नसताना पडदाभर जाहिराती येत असतील, तर त्या बंद करण्याची घाई करू नये. जाहिरात पडद्यावर असतानाच ‘अलीकडील ॲप्स’चे बटण दाबावे. जाहिरात ज्या ॲपमधून आली त्याची चौकट तिथे दिसते. वरचे चिन्ह कोरे किंवा अनोळखी असेल तर ते धरून ठेवल्यावर ॲपच्या माहितीचे पान उघडण्याचा पर्याय मिळतो आणि गुन्हेगार सापडतो. तासन्‌तास यादी चाळण्यापेक्षा हा उपाय कितीतरी जलद आहे.

ब्राउझरमध्ये अचानक येणारा ‘आपल्या फोनमध्ये १३ व्हायरस आढळले’ हा लाल इशारा मात्र निव्वळ थाप असतो. संकेतस्थळाच्या पानाला फोनची तपासणी करताच येत नाही. फार तर ते फोनचे मॉडेल ओळखू शकते आणि फोन थरथरवू शकते, आणि त्यावरच लोक फसतात. ते पान बंद करावे, ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कोणकोणत्या संकेतस्थळांना नोटिफिकेशन पाठवण्याची मुभा दिलेली आहे ते पाहावे आणि अनोळखी नावे काढून टाकावीत. त्या पानावरून काहीही बसवलेले नसेल, तर फोनला काहीही झालेले नाही.

अशीच आणखी एक थाप म्हणजे *#२१# हा क्रमांक फिरवून फोन हॅक झाला आहे की नाही ते कळते, ही. या संकेताने इतकेच कळते की येणारे सगळे कॉल दुसऱ्या क्रमांकाकडे वळवलेले आहेत की नाहीत. ते ठाऊक असणे उपयोगाचे आहे, कारण ओटीपी सांगणारे कॉल पळवण्यासाठी भामटे लोकांकडूनच कॉल वळवण्याचा संकेत फिरवून घेतात. तसे आढळल्यास बहुतेक मोबाइल जाळ्यांवर ##००२# फिरवून सगळी वळवणी रद्द होते. पण फोनमध्ये बसलेल्या ॲपविषयी हा संकेत अवाक्षरही सांगत नाही.

आधी संपर्क तोडावा

ठोस लक्षण दिसले की शोधाच्या मागे न लागता प्रथम फोनचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडावा. घातक ॲपला आज्ञा बाहेरून येतात आणि चोरलेली माहिती बाहेरच जाते. ती वाट बंद झाली की त्याचे बहुतेक उद्योग थांबतात आणि आपल्याला विचार करायला उसंत मिळते. त्यासाठी विमान मोड सुरू करावा आणि त्यानंतर वाय-फाय व ब्लूटूथ खरोखरच बंद झाले आहेत की नाहीत ते डोळ्यांनी पाहावे, कारण मागच्या वेळी विमान मोडमध्ये वाय-फाय चालू ठेवले असेल तर अनेक फोन ती आवड लक्षात ठेवतात आणि या वेळीही ते चालूच ठेवतात. पडदा आपोआप हलत असेल किंवा दाबलेले बटण जुमानत नसेल, तर वाद न घालता पॉवरचे बटण धरून फोन बंद करावा.

सिमकार्ड काढून ठेवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण नुसते काढून टेबलावर ठेवण्यापेक्षा ते एखाद्या साध्या किंवा खात्रीच्या दुसऱ्या फोनमध्ये घालावे. बाधित फोनमधून संदेश पाठवणे त्यामुळे थांबते, शिवाय पुढे खाती सोडवताना येणारे ओटीपी बाधित फोनवर न जाता आपल्या हाती पडतात. ई-सिम असेल तर ते दुसऱ्या फोनवर हलवण्यासाठी मोबाइल कंपनीची मदत घ्यावी लागते.

या क्षणी सर्वांत मोठा मोह होतो तो बँकेचे ॲप उघडून पैसे शाबूत आहेत की नाहीत हे पाहण्याचा. तो कटाक्षाने टाळावा. खोटा पडदा पसरणारे ॲप नेमक्या त्याच क्षणाची वाट पाहत असते. आतापर्यंत न चोरला गेलेला पासवर्ड आपण आपल्या हाताने त्याच्या ओंजळीत टाकतो. शिल्लक पाहायची असेल तर दुसऱ्या उपकरणावरून पाहावी, आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर कळवून व्यवहार तात्पुरते थांबवण्यास सांगावे. त्यासाठी इंटरनेटवर ग्राहकसेवेचा क्रमांक शोधू नये, कारण तिथे खोट्या क्रमांकांचा सुळसुळाट असतो.

पैसे गेले असतील किंवा आपल्या नावाने इतरांना संदेश गेले असतील, तर काहीही पुसण्याआधी दुसऱ्या फोनने बाधित फोनच्या पडद्याचे फोटो काढावेत: तो मूळ संदेश, त्यातील दुवा, ॲपचे नाव आणि चिन्ह, त्याला दिलेल्या परवानग्या, संदेशांच्या वेळा. तक्रार करताना यातले प्रत्येक उपयोगी पडते, आणि फोन कोरा केल्यावर यातले काहीही परत मिळत नाही.

ॲप शोधून काढणे

पुढील पायऱ्या अँड्रॉइडच्या आहेत. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनवर सेटिंग्जची मांडणी थोडी बदलते. हवा तो पर्याय सापडला नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत त्याचे नाव टाकावे.

सुरुवात ॲप्सच्या संपूर्ण यादीपासून करावी. मुख्य पडद्यावरची चिन्हे पाहून भागत नाही, कारण घातक ॲप्स तिथले आपले चिन्ह दडवू पाहतात. सेटिंग्जमधील ‘सर्व ॲप्स’ ही यादी पाहावी. तिथे ‘सिस्टम अपडेट’, ‘सेटिंग्ज सर्व्हिस’ अशी सरकारी थाटाची नावे आणि दातेरी चाकाचे चिन्ह घेऊन बसलेली तोतया ॲप्स आढळतात. त्यांना ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. संशयित नावावर दाबून माहितीचे पान उघडावे. फोनबरोबर आलेले खरे सिस्टम ॲप साधारणपणे काढून टाकता येत नाही, फार तर निष्क्रिय करता येते. मागाहून घुसलेल्या तोतयाच्या पानावर मात्र ‘अनइन्स्टॉल’ हे बटण असते. बऱ्याच फोनवर त्याच पानाच्या तळाशी ते ॲप कोठून बसवले गेले हेही लिहिलेले असते. प्ले स्टोअरचे किंवा फोन कंपनीच्या स्टोअरचे नाव न दिसता ब्राउझरचे, फाइल मॅनेजरचे किंवा चॅटच्या ॲपचे नाव दिसले, तर ती फाइल कुठून तरी उतरवून बसवलेली आहे हे स्पष्ट होते.

यादीतून काही हाती लागले नाही तर परवानग्यांकडे वळावे, आणि त्यातही सर्वांत आधी ॲक्सेसिबिलिटीकडे. ही सोय दृष्टी किंवा हालचालींच्या अडचणी असलेल्या लोकांसाठी आहे, आणि तिला काम करण्यासाठी पडदा वाचण्याची व बटणे दाबण्याची मुभा असावीच लागते. म्हणूनच ती चोरांच्या हाती पडली की फोनच त्यांच्या हाती पडतो. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडून ‘डाउनलोड केलेली ॲप्स’ या भागात कोणाकोणासमोर ‘चालू’ लिहिले आहे ते वाचावे. पडदा वाचून दाखवणारी सेवा, पासवर्ड भरून देणारे ॲप, असे समजण्यासारखे कारण असेल तर ठीक. पीडीएफ वाचणाऱ्या, पार्सलचा माग काढणाऱ्या किंवा व्हिडिओ चालवणाऱ्या ॲपला तिथे काहीच काम नाही. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून बसवलेल्या ॲप्सना ही परवानगी थेट देता येत नाही; आधी ‘प्रतिबंधित सेटिंग्ज’ना वेगळी मुभा द्यावी लागते. एखादे ॲप किंवा फोनवरचा कुणी ‘अधिकारी’ ही मुभा कशी द्यायची ते चित्रांसह शिकवत असेल, तर आणखी पुराव्याची गरजच उरत नाही.

त्यानंतर ‘विशेष ॲप ॲक्सेस’ हा भाग पाहावा. डिव्हाइस ॲडमिन असलेली (म्हणजे फोनवर व्यवस्थापकाचे अधिकार मिळालेली) ॲप्स, इतर ॲप्सवर पडदा दाखवू शकणारी ॲप्स, नोटिफिकेशन वाचू शकणारी ॲप्स आणि अज्ञात ॲप्स बसवू शकणारी ॲप्स, अशा चार याद्या तिथे किंवा सुरक्षेच्या विभागात मिळतात. नोटिफिकेशन वाचण्याच्या परवानगीकडे लोकांचे लक्ष जात नाही. पण पडद्यावर झळकणारा ओटीपी तिच्या जोरावर एसएमएसची परवानगी नसतानाही वाचता येतो. परवानगी व्यवस्थापकात एसएमएस, कॉल आणि संपर्क कोणाला खुले आहेत ते बघावे, आणि जाता जाता आपण न बसवलेले व्हीपीएन (फोनची इंटरनेट वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

बाहेरच्या अँटिव्हायरस ॲपचे स्थान या सगळ्यानंतर येते. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्येच प्ले प्रोटेक्ट असते आणि ते बाहेरून बसवलेली ॲप्सही तपासते. प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातील आपल्या चित्रावर दाबून ते चालवता येते. पूर्ण तपासणीसाठी त्याला इंटरनेट लागते, म्हणून संशयित ॲप काढून झाल्यावरच ते चालवावे. दुसऱ्या मताची गरज वाटलीच तर जुन्या, नावाजलेल्या कंपनीचे ॲप घ्यावे. ‘क्लीनर’, ‘बूस्टर’ आणि ‘अँटिव्हायरस’ या नावांखालीच अनेक घातक ॲप्स विकली गेली आहेत.

काढून टाकणे

साधे ॲप अनइन्स्टॉल केले की जाते. हट्टी ॲप जात नाही, कारण त्याला ॲक्सेसिबिलिटीमुळे अनइन्स्टॉलचा पडदा मिटवता येतो, किंवा डिव्हाइस ॲडमिन झाल्यामुळे ते बटणच दाबता येत नाही. अशा वेळी सेफ मोड कामी येतो. पॉवरचे बटण धरल्यावर येणाऱ्या यादीत ‘पॉवर ऑफ’ हा पर्याय काही क्षण दाबून ठेवला की बऱ्याच फोनवर सेफ मोडमध्ये सुरू करण्याविषयी विचारणा होते. काहींवर फोन सुरू होताना आवाज कमी करण्याचे बटण धरून ठेवावे लागते. या मोडमध्ये फक्त फोनबरोबर आलेली ॲप्स चालतात. मागाहून बसवलेले कोणतेही ॲप जागे होत नाही, त्यामुळे त्याला पडदा मिटवता येत नाही.

सेफ मोडमध्ये क्रम पाळावा: आधी त्या ॲपची ॲक्सेसिबिलिटी बंद करावी, मग डिव्हाइस ॲडमिनच्या यादीतून त्याचे नाव काढावे, आणि शेवटी ते अनइन्स्टॉल करावे. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये त्याची मूळ एपीके फाइल (ॲप बसवण्याची फाइल) पडलेली असते, तीही पुसावी; नाहीतर घरातले दुसरे कुणीतरी पुन्हा त्यावर बोट ठेवते. मग फोन नेहमीच्या पद्धतीने सुरू करावा आणि तीच लक्षणे परत दिसतात का ते पाहावे.

बँकेचे तपशील चोरणारे ॲप होते, किंवा त्याला ॲक्सेसिबिलिटी मिळालेली होती, अशी खात्री असेल तर मी नुसत्या अनइन्स्टॉलवर थांबू नये असेच म्हणेन. त्याने आपल्यामागे दुसरे एखादे ॲप बसवले आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. अशा वेळी फॅक्टरी रिसेट, म्हणजे फोन पूर्ण कोरा करणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. त्याआधी फोटो, कागदपत्रे आणि संपर्क तेवढे उतरवून घ्यावेत, ॲप्स नव्हेत. रिसेटनंतर ॲप्स एकेक करून अधिकृत स्टोअरमधून बसवावीत आणि ‘जुन्या फोनवरील सर्व ॲप्स परत आणा’ हा पर्याय नाकारावा. ओटीपी तयार करणारे ऑथेंटिकेटर ॲप वापरत असल्यास त्यातील खाती आधी दुसऱ्या उपकरणावर हलवावीत, आणि फोनला जोडलेल्या गुगल खात्याचा पासवर्ड आठवतो आहे याची खात्री करावी, कारण सेटिंग्जबाहेरून केलेल्या रिसेटनंतर चोरीपासून संरक्षण म्हणून फोन तोच पासवर्ड मागतो आणि तो न मिळाल्यास पुढे सरकत नाही.

रिसेटलाही दाद न देणारे प्रकार थोडे आहेत, पण आहेत. २०१९ मध्ये चर्चेत आलेले ‘एक्सहेल्पर’ फॅक्टरी रिसेटनंतरही परत येत असे, कारण ‘ट्रायडा’ या साथीदाराच्या मदतीने ते जुन्या अँड्रॉइड फोनवर सर्वोच्च अधिकार मिळवून थेट सिस्टमच्या विभागात जाऊन बसे, आणि रिसेट तो विभाग पुसत नाही. काही स्वस्त फोनमध्ये तर ट्रायडा विक्रीपूर्वीच, पुरवठ्याच्या साखळीत कुठेतरी घुसवलेला आढळला होता. असा संशय आल्यास कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राकडून मूळ फर्मवेअर (फोनची मुळातली प्रणाली) नव्याने चढवून घ्यावे लागते. तेही जमत नसेल तर त्या फोनवर बँक आणि ईमेल वापरणे बंद करावे.

आयफोनवर काय पाहावे

आयफोनवर कोणतेही अँटिव्हायरस ॲप इतर ॲप्सची तपासणी करू शकत नाही, कारण कुंपणाचा नियम त्यालाही लागू असतो. त्या नावाने जे विकले जाते ते फार तर संकेतस्थळे गाळते. ॲप स्टोअरही अगदी अभेद्य नाही. २०१५ मध्ये ‘एक्सकोडघोस्ट’ प्रकरणात ॲप बनवण्याच्या साधनाचीच बनावट आवृत्ती पसरवली गेली आणि ती वापरणाऱ्या प्रामाणिक कंपन्यांची ॲप्ससुद्धा दूषित होऊन स्टोअरवर पोचली. तरीही व्यवहारात आयफोनधारकाचा त्रास बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडतो. पहिले ठिकाण सेटिंग्जमधील ‘जनरल’ या विभागातले ‘व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट’: कार्यालयाने किंवा शाळेने बसवलेले नसलेले कोणतेही प्रोफाइल (फोनच्या सेटिंग्ज बाहेरून ठरवणारी फाइल) तिथे दिसल्यास काढून टाकावे. दुसरे कॅलेंडर: ‘व्हायरस आढळला’ असे स्मरणपत्र रोज येत असेल तर ती चुकून घेतलेली कॅलेंडर वर्गणी असते आणि ती रद्द केली की त्रास थांबतो. तिसरे म्हणजे ॲपल खाते. फोनमध्ये काहीही नसताना, पासवर्ड ठाऊक असलेली व्यक्ती दुसऱ्या उपकरणावरून आपले फोटो आणि ठावठिकाणा पाहत असू शकते; खात्याला जोडलेल्या उपकरणांची यादी वाचली की ते उघड होते. जवळच्याच व्यक्तीचा संशय असेल, तर आयओएस १६ पासून आलेल्या ‘सेफ्टी चेक’ने कोणाला काय दिसते ते एका ठिकाणी पाहून तोडता येते. मात्र तोडल्याचे त्या व्यक्तीच्या लक्षात येऊ शकते, हे ध्यानात ठेवूनच पाऊल उचलावे.

पेगाससच्या जातीच्या हल्ल्याचे लक्ष्य होण्याइतके आपले काम नाजूक असेल, तर वरचे घरगुती उपाय पुरणार नाहीत. फोन अद्ययावत ठेवावा, रोज एकदा बंद करून सुरू करावा, कारण या साधनांचे काही प्रकार फक्त फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत (रॅममध्ये) राहतात आणि फोन नव्याने सुरू केल्यावर टिकत नाहीत, आणि आयओएस १६ पासून उपलब्ध असलेला ‘लॉकडाउन मोड’ चालू करावा. बाधा झाल्याचा संशय आल्यास फोन कोरा न करता जाणकारांकडून तपासून घ्यावा. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने २०२१ मध्ये ‘एमव्हीटी’ हे मोफत साधन त्यासाठीच खुले केले आहे, मात्र ते चालवायला तांत्रिक सराव लागतो.

खाती सोडवणे

फोन स्वच्छ झाला म्हणजे प्रकरण मिटले असे नव्हे, कारण चोरलेले पासवर्ड अजून चोराकडेच असतात. ते बदलण्याचे काम दुसऱ्या उपकरणावरून करावे आणि त्यासाठी फोन स्वच्छ होण्याची वाट पाहू नये. बाधित फोनवरून बदललेला पासवर्ड न बदलल्यासारखाच असतो. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण इतर सर्व खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे ईमेलवरच येतात. पासवर्ड बदलल्यावर ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्यायही वापरावा, खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन क्रमांक व पर्यायी ईमेल आपलाच आहे ना ते पाहावे, आणि आलेले ईमेल गुपचूप दुसरीकडे पाठवणारा एखादा नियम सेटिंग्जमध्ये लावलेला नाही याची खात्री करावी. या शेवटच्या जागी चोर बराच काळ टिकून राहतो.

त्यानंतर बँक, मग चॅटची ॲप्स. व्हॉट्सॲपमध्ये ‘जोडलेली उपकरणे’ ही यादी उघडून अनोळखी उपकरण काढावे आणि द्विस्तरीय पडताळणीचा पिन लावावा. ओळखीच्या लोकांना सावध करायचे ते दुसऱ्या फोनवरून आणि शक्यतो प्रत्यक्ष बोलून. ज्या क्रमांकावरून फसवा दुवा गेला त्याच क्रमांकावरून आलेल्या इशाऱ्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

पुढचे महिनाभर बँकेचे खातेपत्रक आणि मोबाइलचे बिल ओळीओळीने वाचावे. त्याच दरम्यान फोनच्या सेटिंग्जमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी. २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ ही गंभीर त्रुटी उघडकीस आल्यानंतर अँड्रॉइडसाठी सुरक्षा अपडेट दरमहा काढण्याची प्रथा सुरू झाली, पण ती प्रत्येक फोनपर्यंत पोचवणे त्या त्या कंपनीच्या हाती असते आणि काही वर्षांनी कंपनी हात आखडता घेते. तारीख वर्षभराहून जुनी असेल आणि ‘अपडेट उपलब्ध नाही’ असे उत्तर येत असेल, तर तो फोन गाणी, रेडिओ आणि कॉल एवढ्यापुरता ठेवून पैशांचे व्यवहार दुसऱ्या फोनवर हलवावेत.